काचेवरची सोनेरी किनार : कोकणच्या हवेत टिकेल अशी

खाडीकाठ (धागाकर्ती)

इथल्या गणपतीच्या सजावटीच्या चर्चेच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, जुन्या तसबिरींना असायची तशी काळी-सोनेरी किनार आता कुणी करून देतं का, किंवा घरी करता येते का. तिथे उत्तर दिलं असतं तर मखराच्या आणि लायटिंगच्या चर्चेत वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे. माझं वेंगुर्ल्याच्या बाजूला फ्रेमिंगचं काम आहे, त्यामुळे लिहिते ते दमट, खाऱ्या हवेच्या हिशोबाने. घाटावरच्यांनी त्यात आपापली वजाबाकी करून घ्यावी.

ती काळी काच नसते हो. साधी पारदर्शक काच असते आणि तिची मागची बाजू रंगवलेली असते. कागदावर किंवा पाटीवर आपण आधी जमिनीचा रंग देतो, मग नक्षी, आणि बारीक रेघ सगळ्यात शेवटी. काचेवर सगळा क्रम उलटा. बारीक रेघ आधी, मग नक्षी, आणि काळा किंवा मरून सपाट रंग शेवटी सगळ्यावरून. पुढून बघणाऱ्याला आपला पहिला हात दिसतो, शेवटचा दिसतच नाही. म्हणून एकदा मारलेल्या रेघेवर नंतर डागडुजी करता येत नाही. चुकली तर तेव्हाच पुसायची.

सोन्याचं काम दोन प्रकारे होतं.

पहिला प्रकार पाण्यावरचा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर अर्धा लिटर घ्यायचं आणि त्यात जिलेटिनची एक रिकामी कॅप्सूल (०० मापाची) विरघळवायची. एवढंच. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग बाकीच्या पाण्यात मिसळायची, उकळायची नाही, आणि फडक्यातून गाळून घ्यायची. विहिरीचं पाणी नको, वाळल्यावर डाग राहतात. काच तिरकी उभी करायची, चपट्या ब्रशने हे पाणी भरपूर सोडायचं आणि वाहत्या पाण्यावर वर्खाचं पान न्यायचं. पान उचलायला खारीच्या केसांचा रुंद, पातळ ब्रश असतो. तो गालावरून एकदा फिरवायचा, म्हणजे त्याला जेमतेम तेलकटपणा लागतो आणि पान चिकटून येतं. काचेपासून थोड्या अंतरावर आलं की पान आपणच पाण्यावर उडी मारतं. हात पुढे दाबायला गेलात तर पान फाटलंच म्हणून समजा.

आता बघण्यासारखी गोष्ट. ओलं असताना सोनं मळकट, सुरकुतलेलं, ओल्या पतंगाच्या कागदासारखं दिसतं. पहिल्यांदा करणारा इथेच घाबरतो. पाणी निथळत जातं तशा सुरकुत्या एकेक करून बसत जातात, आणि जिथे वाळलं तिथे आरसा होतो. अर्ध्या पानात तुमचा चेहरा दिसतोय आणि अर्धं अजून मळकट, अशी एक वेळ येते. त्या वेळी बोट लावायचा मोह आवरायचा.

दुसरा प्रकार तेलावरचा. जवसाच्या तेलाचं चिकट रोगण (गिल्डिंग साइज म्हणून मिळतं) घेऊन नक्षी काढायची, ते चिकट-कोरडं झालं की वर्ख चिकटवायचा. बोटाचं पेर टेकवून उचललं की हलकासा ‘चट’ आवाज आला पाहिजे आणि बोटाला काही लागता कामा नये, ती वेळ. याने आरसा होत नाही, मऊ, मंद सोनेरी येतं. अक्षरं आणि पानं-फुलं याला हे छान दिसतं. सरळ रेघेला मात्र पाण्यावरचंच.

पाण्यावर वर्ख चढवल्यावर पहिल्या हातात भेगा राहतातच, म्हणून दुसरा हात द्यायचा. मग कापसाने हळूच घासायचं. त्यावर मागून जी नक्षी हवी ती काळ्या इनॅमलने काढायची. हो, सोन्यावर काळ्याने. रंग नीट वाळला की रंगाबाहेरचं सोनं ओल्या कापसाने, चिमूटभर खडूची पूड घेऊन पुसून टाकायचं. रंगाखालचं सोनं राहतं, बाकीचं जातं. मग सगळ्या किनारीवर सपाट काळा. पुढून बघा: काळ्यावर सोन्याची वेल.

यातलं कौशल्य हाताचं आहे, ते सरावाने येतं. माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडे किनार खराब होते ती पुढून नाही, मागून आणि कडेने. आणि त्याकडे कुणी बघत नाही. त्याबद्दल लिहितेच, आधी इतरांचे अनुभव येऊ देत.

---

चाकरमानी_परळ

वाह, मस्त. गावच्या घरात (देवगडाकडे) दत्ताच्या तसबिरीला अशीच किनार आहे, कोपऱ्यात पोपडे सुटलेत. नवीन काच घालून तशीच किनार करायची आहे. ऑनलाइन ‘गोल्ड लीफ’ म्हणून शंभर पानांचा गठ्ठा फार स्वस्तात दिसतोय. घेऊन टाकू का?

---

खाडीकाठ

नको. ते पितळ आहे. तांबं आणि जस्त. आतून-बाहेरून बंद, एसी असलेल्या ऑफिसात टिकेल काही वर्षं. देवगडात खारं वारं आणि पावसाळा मिळून त्याला हिरवं करतील, आणि ते हिरवं आधी पानांच्या जोडावरून सुरू होतं, म्हणजे वेलीवर आडव्या रेघा दिसायला लागतात. खरा वर्ख २२ किंवा २३ कॅरेटचा घ्या. पुस्तकात २५ पानं असतात, पान साधारण ८ × ८ सेंटिमीटरचं.

---

पुणेरी_पगडी

जरा अतिशयोक्ती वाटते. माझ्याकडे पितळी वर्खाची फ्रेम आहे, वरून लॅकर मारलेलं, दहा-बारा वर्षांत काही झालेलं नाही. सोनं लावा म्हणणं सोपं आहे, पैसे कोण देणार?

---

रसायनी

पगडीसाहेब, तुमची फ्रेम पुण्यात आहे. तिला तुम्ही चिपळूणला आमच्याकडे एक पावसाळा पाठवून द्या, मग बोलू.

गमतीचा भाग सोडा. तांब्याला नुसत्या दमट हवेने फार त्रास होत नाही, आधी तपकिरी पडतं आणि तिथे बराच काळ थांबतं. खरा शत्रू क्लोराइड, म्हणजे समुद्राचं मीठ. मिठाचा कण हवेतली ओल ओढून घेतो आणि स्वतःभोवती एक थेंब करतो. त्या थेंबात तांब्याचे हिरवे क्षार तयार होत राहतात आणि ते काम थांबत नाही. लॅकरला एक बारीक छिद्र असलं तरी तिथून सुरुवात. सोन्याला यातलं काही होत नाही. चांदीच्या वर्खाचं वेगळं दुखणं आहे, तिला हवेतला गंधक लागतो आणि ती काळी पडते. ॲल्युमिनियमचा वर्ख चांदीपेक्षा बरा, पण मिठाने त्यालाही टोचे पडतात.

आणखी एक, हे फ्रेमवाल्यांनी लिहून ठेवा: काचेच्या कडा बंद करायला व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो. पितळी वर्ख आणि आरशामागचा तांब्याचा थर, दोघांनाही ते खातं. बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं. एमडीएफ आणि नवीन प्लायमधूनही अशी ॲसिडं हळूहळू सुटत असतात, बंद फ्रेममध्ये ती आतच कोंडतात.

---

खाडीकाठ

रसायनी, अगदी याच्यासाठी धागा काढला होता. आपल्या घरांतल्या कपाटाच्या आरशांना कडेने काळे डाग येतात ना, खालच्या कडेला जास्त? तेच काचेवरच्या किनारीचं होतं. पाणी पुसताना खाली ओघळतं, फ्रेमच्या खाचेत बसतं आणि कडेने आत शिरतं. म्हणून किनार काचेच्या अगदी कडेपर्यंत सोन्याची करू नये. कडेपासून पाच-सहा मिलिमीटर नुसता रंग ठेवावा, आणि सगळ्यात शेवटी मागून मारायचं रोगण सोन्याच्या आणि रंगाच्या दोन्हीच्या पलीकडे काचेवर मिलिमीटरभर उतरवावं, म्हणजे थराचं तोंड उघडं राहत नाही.

आणि खर्चाचं. हिशोब करून बघा, वाटतो तेवढा नाही. ३० × ४० सेंटिमीटरची काच, चार सेंटिमीटरची किनार. सगळ्या किनारीचं क्षेत्रफळ ४९६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आठ पानं. एकावर एक चढणारे काठ आणि फाटाफूट धरून दहा-अकरा. दुसरा हात धरला तरी एका पुस्तकात होतं. आणि त्या अख्ख्या पुस्तकात सोनं असतं पाव ते अर्ध्या ग्रॅमच्या मधे कुठेतरी. पान मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या हिश्श्याएवढं जाड असतं. सगळी किनार सोन्याची करायची नसेल, नुसती रेघ आणि कोपऱ्याची फुलं असतील, तर त्याच्याही निम्मं. एवढं पातळ की वर्ख चढवलेली काच उजेडासमोर धरली तर सोन्यातून पलीकडचं हिरवट दिसतं. दुसरा हात लागतो तो यामुळेसुद्धा.

---

शाळेतलो_गणो

आमी कुडाळाकडचे. आमच्या शाळेत (गणपतीचे मूर्ती करतत ती शाळा, पोरांची नव्हे) सोनेरी पावडर रोगणात कालवून मुकुटाक लावतत. तीच मी काचेर मागसून लावन बगलंय. फुडसून रवाळ दिसता, वर्खाचा तेज नाय. आनी दुसऱ्या वर्साक मळकाट पडता. पन आता जी पर्ल पावडर मिळता ती काळी पडना नाय म्हणतत. ती चलात काय?

---

खाडीकाठ

गणो, चालेल आणि चांगली चालेल. जुनी पावडर पितळाचीच, म्हणून मळते. पर्ल म्हणजे अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम किंवा लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर, त्यात काळं पडण्यासारखं काही नाहीच. आरसा होणार नाही, मोत्यासारखी सोनेरी झाक येईल. बारक्या पानांच्या शिरा, फुलातले ठिपके याला मी वापरते. रोगण पिवळट असेल तर पर्ल मोहरीसारखी दिसते, म्हणून रोगण जितकं पांढरं मिळेल तितकं बघून घे.

---

जुनी_पानं

थोडा इतिहास घालतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

काचेमागे सोनं लावायची कल्पना फार जुनी. तिसऱ्या-चौथ्या शतकात रोममध्ये काचेच्या दोन थरांच्या मधे सोन्याचा वर्ख कोंडून, त्यावर आधी सुईने चित्र कोरून भांड्यांचे तळ करत. इसवी सन १४००च्या आसपास इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने अंड्याचा पांढरा बलक पाण्यात फेटून त्याने काचेवर सोनं चढवायची आणि मग सुईने ओरखडून चित्र काढायची रीत लिहून ठेवली. ओरखडलेल्या रेघेत मागून काळा रंग भरला की सोन्यावर काळी रेघ दिसते. म्हणजे धागाकर्तीच्या पद्धतीच्या नेमकी उलट. या सगळ्याला युरोपात जे नाव पडलं, ‘एग्लोमिझे’, ते झाँ-बाप्तिस्त ग्लोमी नावाच्या पॅरिसच्या सजावटकार-फ्रेमवाल्यावरून. तो वारला १७८६ साली. त्याने शोधलं काहीच नव्हतं, फक्त चित्रांच्या काचेला अशा सोनेरी-रंगीत किनारी करून विकायचा. फ्रेमवाल्याचं नाव लागलं हे मला आवडतं.

आपल्याकडे काचेमागचं चित्र अठराव्या शतकात कँटनहून चिनी व्यापारातून आलं, पश्चिम किनाऱ्यावर आधी, आणि नंतर तंजावर-म्हैसूरकडे त्याची वेगळीच शैली झाली. घरोघरी तसबिरी लागल्या त्या मात्र छापील चित्रं आल्यावर. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या लक्ष्मी-सरस्वती कोकणातही आल्या. काहींनी चित्रावर जर-टिकल्या चिकटवल्या, काहींनी काचेला किनार करून घेतली.

---

शेवग्याचीशेंग

मध्येच विचारते, सरबताच्या ग्लासांच्या काठाला जी सोनेरी पट्टी असते ती अशीच करतात का? माझी धुऊन धुऊन गेली आहे, पुन्हा लावता येईल?

---

रसायनी

नाही, ते वेगळं. ते द्रव सोनं असतं, सेंद्रिय संयुगाच्या रूपात. ब्रशने लावायचं आणि काच-भट्टीत साधारण ५००-६०० अंशांना भाजायचं, म्हणजे बाकीचं जळून सोन्याचा थर काचेला धरतो. फिरोजाबादच्या बांगड्यांवरचं सोनेरी कामही त्याच जातीचं. घरी नाही व्हायचं. आणि सोनेरी काठाचा ग्लास मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.

---

अभंगवेडी

एक शंका, कुणी रागावू नका. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं. देवाच्या तसबिरीला ते वापरायला आमच्या सासूबाई तयार होणार नाहीत. शाकाहारी कॅप्सूल मिळतात, त्या चालतील का?

---

रसायनी

शाकाहारी कॅप्सूल सेल्युलोजपासून केलेल्या असतात, त्यात जिलेटिन नसतंच. नाव ‘कॅप्सूल’ म्हणून त्यावर विसंबू नका, पाकिटावर जिलेटिन लिहिलेलं बघूनच घ्यावं लागतं.

---

दर्यावर्दी

जिलेटिन यायच्या आधी साइनबोर्डवाले गोरे लोक आयसिंग्लास वापरायचे, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा सरस. तिकडे स्टर्जन माशाची, आपल्याकडे घोळ माशाची, तिला बोत म्हणतात. बोताचा भाव ठाऊक असेल त्याला सोन्याचा वर्ख स्वस्त वाटेल.

अभंगवेडी ताईंच्या सासूबाईंना अर्थात हे सांगू नये.

---

अभंगवेडी

😄 नाही सांगत.

---

खाडीकाठ

अभंगवेडी, शंका रास्त आहे, गिऱ्हाइकं मलाही विचारतात. सरळ उत्तर: तेलावरचं काम करा. जवसाचं तेल, इनॅमल, सोनं. प्राणिज काही नाही. आरशासारखी लकाकी येणार नाही, पण देवाच्या तसबिरीला मंद सोनं मला तरी जास्त शोभतं. समईच्या उजेडात लकाकणारी किनार चित्रावरून नजर ओढून घेते. खारीच्या केसांचा ब्रश नको असेल तर वर्ख कागदाला चिकटवलेला मिळतो, ट्रान्सफर लीफ म्हणतात. तेलावर तो उत्तम बसतो, पाण्यावर नाही. वाऱ्याचीही भीती नाही.

वाऱ्यावरून. सुटं पान उडतं. पंखा बंद, खिडकी बंद, मे महिना. बाकी तुम्हीच समजून घ्या.

---

रेघमास्तर

नमस्कार. मी रत्नागिरीत अनेक वर्षं बोर्ड रंगवले, दुकानांच्या काचांवर सोनेरी अक्षरं लिहिली, पुढे रेडियमची कटिंग आली आणि ब्रश डब्यात गेले. खाडीकाठ यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, थोडी भर घालतो.

काच साफ आहे असं सगळ्यांना वाटतं. नसते. साबणाने धुवा, मग खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून ती घासून पुसा. पाणी सोडून बघा. थेंब-थेंब जमले तर तेलकट आहे, सलग पडदा राहिला तर झालं. नंतर तळवा लावायचा नाही, कडेने धरायची.

लायनिंगला लांब केसांचा ब्रश. लहान केसांच्या ब्रशने सरळ रेघ येत नाही, कारण हाताची थरथर लगेच केसांच्या टोकाला पोचते. लांब केस ती खाऊन टाकतात. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा, तो काचेबाहेर टेकवायचा आणि उजवा हात काठीवर. नजर ब्रशवर ठेवायची नाही, रेघ जिथे पोचायची त्या टोकावर ठेवायची. रेघ सुरू केली की श्वास सोडत संपवायची.

इनॅमलमध्ये टर्पेंटाइन जेमतेम. पातळ केलं तर कडा फाटते आणि मागचं सोनं पुसताना रेघ करवतीसारखी दिसते.

---

पुणेरी_पगडी

मास्तर, हे वाचून मजा आली. अजून लिहा. मी वाद मागे घेतलेला नाही, पण वाचतोय.

---

चाकरमानी_परळ

नक्षीचं सांगा ना कुणीतरी. वेल काढली तर कोपऱ्यात येऊन ती नेहमी अडते. एका कोपऱ्यात पान तुटतं, दुसऱ्यात कोंबतं.

---

खाडीकाठ

कोपऱ्यापासून सुरुवात करायची, बाजूपासून कधीच नाही. कोपऱ्यातला चौकोन वेगळा मानायचा आणि त्यात एक पूर्ण आकृती बसवायची: फूल, कैरी, शंख, काहीही. मग दोन कोपऱ्यांमधल्या अंतराचे भाग पाडायचे. वरच्याच मापाची काच धरू: कोपरे चार-चार सेंटिमीटरचे गेले की आडवी बाजू २२ राहते आणि उभी ३२. दोन सेंटिमीटरची पाकळी घेतली तर आडव्या बाजूला ११ आणि उभ्या बाजूला १६ बसतात. दिसायला हिशोब सुटला, पण ११ मध्ये पाकळी बरोबर मध्यावर येते आणि १६ मध्ये मध्यावर फट येते. डोळ्याला हे खटकतं, का खटकतं ते कळत नाही. म्हणून उभ्या बाजूला १५ करायच्या, प्रत्येक पाकळी दोन सेंटिमीटरपेक्षा साधारण १.३ मिलिमीटर जास्त रुंद. तो फरक कुणालाही दिसत नाही.

आराखडा कागदावर काढून काचेच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा, म्हणजे मागून काम करताना काचेतून दिसतो. अक्षरं असतील तर ट्रेसिंग पेपर उलटा. ‘श्री’ उलटा उमटलेली तसबीर मी दुसऱ्याच्या दुकानात पाहिलेली आहे, नाव सांगत नाही.

नक्षी कुठून घ्यायची म्हणाल तर सावंतवाडीच्या दरबारी गंजिफ्यांच्या (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या) कडेची वेलबुट्टी बघा. बोटभर जागेत बसवलेली असते आणि लांबून वाचता येते. किनारीला हेच लागतं. मोठ्या पुस्तकातल्या मोगल वेली लहान काचेवर नुसता गचका होतात.

---

सांजवात

आमच्या आजोळी (गुहागर) आजोबा-आजींच्या फोटोला जुनी किनार आहे, मागचा काळा रंग पापुद्र्यासारखा सुटतोय आणि फोटो काचेला चिकटलाय. काच पुसायच्या निळ्या पाण्याने मागून साफ करून पुन्हा रंगवू का?

---

खाडीकाठ

थांबा, पुसू नका. आधी दिवसाउजेडात पुढून-मागून फोटो काढून ठेवा. मागच्या बाजूला कुठलंही पाणी, निळं असो की साधं, लावायचं नाही. निळ्यात बहुधा अमोनिया असतो आणि खालचा जिलेटिनचा थर तर साध्या पाण्यातही सुटतो. जुनं सोनं अख्खंच्या अख्खं फडक्यावर येईल. पापुद्रे सुटलेत तर तसबीर भिंतीवर उभी ठेवू नका, काच खाली करून आडवी ठेवा, पापुद्रे जागेवर राहतील. फोटो ओढून काढायचा नाही, फोटोचा थरसुद्धा जिलेटिनचाच असतो, दमटपणात तो काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा. तोवर वापरायला फोटोची स्कॅन-प्रत काढून नव्या काचेत लावा. जुन्या किनारीवरून नवा रंग मारणं हे माझ्या मते सगळ्यात वाईट. नवा रंग आकसताना जुना थर बरोबर घेऊन सुटतो.

आणि हे चिकटणं टाळायचं असेल तर नव्या फ्रेममध्ये काच आणि चित्र यांच्यामध्ये कडेने दोन-तीन मिलिमीटरची पट्टी घालायचीच. आपल्याकडच्या बहुतेक फ्रेमा चित्र काचेला टेकवून बंद केलेल्या असतात. पावसाळ्यात भिंत गार, खोली दमट, काचेच्या आत दव धरतं आणि चित्र त्याला चिकटतं.

मागे प्लायऐवजी पोकळ प्लास्टिकची शीट, कडेने टेप. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे तसबीर भिंतीपासून सुटी राहते आणि मागून वारा फिरतो. चिऱ्याच्या भिंतीला, त्यातून पश्चिमेच्या, हे न केलं तर वरचं सगळं सोनं फुकट. दुकानात किनारीपेक्षा या बुचांबद्दल मी जास्त बोलते आणि गिऱ्हाइकांना वाटतं मी वेळ काढतेय.

---

सांजवात

बरं झालं विचारलं. हात लावत नाही.

---

रेघमास्तर

बुचाचं अगदी खरं. आम्ही जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावायचो.

पावसात काम घेऊ नये हेही लिहा कुणीतरी. इनॅमल वरून सुकलेलं दिसतं, आत ओलं राहतं, त्यावर दुसरा हात मारला की सुरकुती. पाण्यावरच्या कामाचं तर विचारूच नका, जिलेटिन वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. सोन्याखाली करड्या ठिपक्यांची रांगोळी.

---

खाडीकाठ

हो मास्तर. दसरा झाला की सुरू करायचं आणि मृग लागायच्या आत मागचं रोगण पूर्ण वाळलेलं हवं. जिलेटिनचं पाणी रोजचं रोज करायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी नाही. दाट करायचा मोहही टाळा. दाट झालं तर सोन्याखाली ढग दिसतात, आणि बुरशीला खायलाही जास्त मिळतं. फार पातळ झालं तर घासताना सोनं सुटतं. एक कॅप्सूल, अर्धा लिटर, यापासून फार हलू नका.

---

शाळेतलो_गणो

काळ्याच्या जागेर गडद हिरवो घातलो तर? आमच्या वाडीत देवळाक हिरवीच चौकट आसा.

---

खाडीकाठ

घाल की, सोन्याला हिरवा आणि मरून दोन्ही छान लागतात. फक्त हिरवा इनॅमल काळ्याएवढा झाकत नाही. एक हात वाळला की काच खिडकीसमोर धर. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतील, भिंतीवर ते दिसणार नाहीत पण पाणी तिथूनच आत जातं. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मार, पुन्हा खिडकीसमोर धर. ठिपके उरले तर फक्त तेवढ्यावर बारीक ब्रशने. सोन्यामागे आधीचा काळा असतोच, त्यामुळे हिरव्याचे कितीही हात झाले तरी सोन्याचा रंग बदलणार नाही.

---

चाकरमानी_परळ

काच किती जाडीची घेऊ? मे महिन्यात गावी येतोय, कुडाळातून कापून घेईन म्हणतो.

---

खाडीकाठ

तीन मिलिमीटर घ्या. दोनची हलकी पडते खरी, पण घासताना वाकते आणि वर्खाला केसाएवढ्या चिरा जातात. कडा तिथेच मशीनवर घासून घ्या. मेच्या सुरुवातीला येत असाल तरच काम काढा, शेवटच्या आठवड्यात येणार असाल तर काच आणून ठेवा आणि दिवाळीत करा.